कमी वेगात गाडी डुलते? अलाइनमेंटला नेण्याआधी हे या क्रमाने तपासा

जुनी गाडी घेतली, कागदपत्रं झाली, आठ-पंधरा दिवस बरे गेले. मग एक दिवस लक्षात येतं की सोलापुरात सात रस्त्याच्या चौकातून निघून वीस-पंचवीसचा वेग आला की गाडी डुलते. स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे खेळतं, किंवा सीटखाली कुणी पाळणा हलवतंय असं वाटतं. चाळीसच्या पुढे ते जाणवेनासं होतं, म्हणून काही जण दुर्लक्ष करतात. उरलेले सरळ अलाइनमेंटच्या दुकानात जातात.

चूक इथेच होते. अलाइनमेंट-बॅलन्सिंग होतं, गाडी तशीच डुलते. मग टायरोड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारे सांधे) बदलले जातात, नंतर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), नंतर शॉकअप. शेवटी कुणीतरी पुढचा डावा टायर हाताने चाचपतो आणि त्यावर लिंबाएवढा फुगवटा सापडतो. माझ्या पहिल्या सेकंडहँड गाडीला मी याच क्रमाने खर्च केला होता. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या तिघांना तेच करताना पाहिलं, म्हणून हे लिहितोय.

पैसे जातात हा भाग वेगळा. आतल्या तारांचा पट्टा सुटलेला टायर एप्रिल-मेच्या उन्हात, चार माणसं आणि सामान घेऊन तुळजापूरला जाताना फुटू शकतो. नट ढिले असलेलं चाक धावत्या गाडीचं निघू शकतं. म्हणून कारण सापडेपर्यंत ही गाडी हायवेवर नेऊ नका.

## आधी एक गोष्ट पक्की करा: हा बॅलन्सिंगचा दोष नाही

चाकाचं वजन एका बाजूला जास्त असेल तर त्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० च्या वेगात जेवढा धक्का बसतो त्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच ३० च्या वेगात बसतो, आणि तो हाताला कळतही नाही. म्हणून बॅलन्सिंग बिघडलेली गाडी साधारण ७० ते १०० च्या दरम्यान थरथरते. शेतातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला काळी माती चिकटून वाळली की होतं तेही हेच.

वीसच्या वेगात डुलणाऱ्या गाडीत मात्र आकार बिघडलेला असतो किंवा काहीतरी ढिलं असतं. बॅलन्सिंगचं मशीन वजन बघतं, आकार बघत नाही. वाकड्या रिमलाही शिसं लावून मशीनवर शून्य आणता येतं, आणि रस्त्यावर ते चाक वाकडंच फिरतं. अलाइनमेंट तर चाकं कोणत्या कोनात उभी आहेत एवढंच ठरवतं. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. एका लयीत डुलणं त्यातून येत नाही.

## तयारी

काम सकाळी लवकर करा. टायर थंड असतात, हवा खरी मोजता येते आणि रस्ताही मोकळा मिळतो. सोबत एक माणूस हवाच. काही चाचण्या एकट्याने होत नाहीत.

लागणारं सामान: जॅक, व्हील पाना, हवा मोजायचा गेज, खडू, टॉर्च, जाड हातमोजे, लांब स्क्रूड्रायव्हर, एक वीट, चाकाला लावायला दोन मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. जॅक स्टँड मिळाला तर उत्तम.

जागा सपाट आणि टणक हवी. आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. काळ्या मातीच्या मोकळ्या प्लॉटवर जॅक हळूहळू खचतो. आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर, खाली पोकळ असेल तर, फरशी मधोमध फुटते. दोन्हीकडे फळी घाला. शक्यतो सिमेंटच्या रस्त्याची कड किंवा पार्किंग वापरा.

सावधान: गाडी फक्त जॅकवर असताना खाली डोकं किंवा हात घालू नका. जॅक स्टँड नसेल तर स्टेपनी आडवी करून दाराखालच्या पट्टीच्या खाली सरकवून ठेवा, म्हणजे गाडी घसरली तरी तिच्यावर टेकेल. ही फक्त जास्तीची काळजी आहे. यानंतरही गाडीखाली शिरायचं नाही. विटांची थप्पी लावून तिच्यावर गाडी टेकवू नका. भाराखाली वीट न सांगता फुटते.

## १. चाकांचे नट

गाडी एक फूटही चालवण्याआधी हे करा. चारही चाकांचे नट व्हील पान्याने एकेक करून तपासा. एखादा सहज फिरला तर चाक काढून भोकं बघा. ढिल्या नटावर चाललेल्या रिमची भोकं लांबट होतात आणि त्यांच्याभोवती लालसर गंजाची भुकटी दिसते. असा रिम बदलायचा. नट नुसते आवळून पुढे जाऊ नका.

सगळे नट घट्ट असले तरी विचारा: टायर किंवा ब्रेकचं काम केव्हा झालं? डुलणं त्यानंतर सुरू झालं असेल तर चाक हबवर (चाक ज्यावर नटांनी बसतं तो फिरता भाग) सपाट बसलेलं नाही अशी शंका घ्या. हबच्या तोंडावर गंजाचा थर किंवा खडा अडकला तरी चाक तिरकं बसतं. चाक काढा, तारेच्या ब्रशने दोन्ही तोंडं साफ करा, परत बसवा. नटची निमुळती बाजू रिमकडे, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, आणि शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर. स्टडला (नट ज्यावर चढतो त्या आट्याच्या दांड्याला) तेल किंवा ग्रीस लावू नका. बाजारातून अलॉय रिम घेतलेल्या गाडीत अनेकदा जुने स्टीलच्या रिमचे नट वापरलेले असतात आणि त्यांची बैठक जुळत नाही. तेही बघा.

## २. डुलणं नेमकं कसं आहे ते लिहून काढा

नट ठीक असतील तर आता चालवा. होटगी रोड, विजापूर रोड किंवा पुणे हायवेचा सर्व्हिस रोड, जिथे सरळ आणि बरा रस्ता सापडेल तिथे. पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेल्या रस्त्यावर काहीच कळणार नाही. खिडक्या बंद, गाणी बंद. सोबतच्याला वही द्या.

- स्टिअरिंग हलतं की सीट? स्टिअरिंग हललं तर बहुतेक पुढचं चाक, सीट किंवा गाडीचा मागचा भाग डुलला तर मागचं.
- न्यूट्रलमध्ये घरंगळत येताना डुलणं राहतं का? राहत असेल तर इंजिन आणि क्लच यादीतून गेले.
- फक्त ब्रेक लावल्यावर होतं? सरळ टप्पा ७ वर जा.
- फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर होतं? टप्पा ८.
- गाडी उभी असतानाही थरथरते? मग चाकांचा संबंध नाही. इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) किंवा मिसिंग (इंजिन अधूनमधून चुकणं) बघा.
- फक्त पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये क्लच सोडताना हिसके? तो क्लचचा प्रश्न, हा लेख त्याच्यासाठी नाही.

आता मोजणी. छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण पावणेदोन मीटर जातं. ३५ मीटर अंतर, म्हणजे मोठी ४५-५० पावलं, दोन दगड ठेवून आखून घ्या. त्या अंतरात गाडी किती वेळा डुलते ते सोबत्याने मोजायचं. वेग १० असो की २०, आकडा विसाच्या आसपास आला तर दोष चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतोय: टायर, रिम, हब किंवा ब्रेक. अलाइनमेंटवाल्याशी वाद घालायची वेळ आली तर हा आकडा उपयोगी पडतो. ओम्नी, ईको, बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आकडा यापेक्षा कितीतरी जास्त आला तर प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) आणि त्याचे क्रॉस (सांधे) बघा, कारण शाफ्ट चाकापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरतो.

तपासा: गाडी आठवडाभर उभी होती का? बऱ्याच घरांत गाडी फक्त अक्कलकोट-पंढरपूरपुरती बाहेर निघते. उभ्या गाडीच्या टायरला खाली सपाट जागा पडते. ती पहिल्या काही किलोमीटरमध्ये धडधड करते आणि टायर गरम झाले की जाते. म्हणून निर्णय दहा किलोमीटर चालवल्यानंतरच घ्या. तोपर्यंत गेलं नाही तर पुढे.

## ३. टायर: हवा, वय आणि हात

चाचणीच्या फेरीने टायर गरम झालेले असतात. त्यामुळे हा टप्पा गाडी दोन-तीन तास सावलीत उभी करून, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी करा. हवा थंड टायरवर, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी फिरून आल्यावर गेज चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. ती जास्तीची हवा काढू नका, रात्री टायर कमी हवेचे होतात.

मग वय बघा. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. कोड एकाच बाजूला असतो, आत गेला असेल तर टॉर्च घेऊन खालून वाकून बघा. सेकंडहँड गाडीत लोक नक्षी किती उरलीय ते बघतात आणि फसतात. कमी चाललेल्या गाडीची नक्षी छान असते, पण आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि उघड्यावर उभ्या गाडीचं रबर चालवलं नाही तरी म्हातारं होतं. पाच-सहा वर्षांपुढचा टायर असेल तर दर वर्षी बारकाईने तपासायचा. दहा वर्षांचा असेल तर तपासत बसू नका, बदला.

आता हात. जाड मोजे घाला, कारण तुटलेली तार बाहेर आली असेल तर हात कापतो. तळवा नक्षीवरून पूर्ण गोल फिरवा, मग बाहेरच्या भिंतीवरून, मग आतल्या. आतली भिंत कुणीच बघत नाही आणि खड्ड्याचा मार अनेकदा तिथेच असतो. काय शोधायचं: नक्षीत उंचवटा, भिंतीवर फुगवटा, नक्षीच्या ओळी एका जागी नागमोडी होणं, किंवा एकाच तुकड्यावर जास्त झीज.

नक्षीखाली तारांचे पट्टे असतात. ते एकमेकांपासून सुटले की त्या जागी टायर वर येतो किंवा एका बाजूला सरकतो. तो तुकडा जमिनीवर आला की गाडी त्या बाजूला ढकलली जाते, गेला की परत येते. कमी वेगात डुलण्याचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे.

सावधान: फुगवटा सापडला तर तपासणी इथेच थांबवा आणि टायर बदला. फुगलेला टायर मागे टाकून 'अजून एक सीझन' काढू नका. मागचा टायर फुटला तर गाडी सावरणं पुढच्यापेक्षा अवघड जातं.

## ४. चाक उचलून फिरवा

हाताला काही लागलं नाही म्हणून टायर निर्दोष ठरला असं नाही. वाकडेपणा फिरतानाच दिसतो.

पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. मागचं चाक उचलताना पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, पहिला गिअर, आणि मग हँडब्रेक सोडा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचं चाक फिरवायला न्यूट्रलच लागतो. तिथे पुढचे दगड दुप्पट काळजीने लावा.

वीट चाकाशेजारी उभी ठेवून तिच्यावर स्क्रूड्रायव्हर असा ठेवा की त्याचं टोक रिमच्या कडेपासून काडेपेटीच्या काडीएवढ्या अंतरावर राहील. चाक हाताने सावकाश फिरवा आणि फक्त फटीकडे बघा.

आधी रिम, मग टायर. हा क्रम उलटा करू नका. रिम वाकडा असेल तर त्यावरचा चांगला टायरही वाकडाच दिसतो आणि लोक नवा टायर आणून त्याच रिमवर चढवतात. रिमची फट सगळीकडे सारखी आणि टायरची कमी-जास्त, म्हणजे दोष टायरचा. रिमची फटच दीड मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल तर रिम वाकडा. बाजूने बघून झालं की टोक नक्षीच्या वर नेऊन टायर वर-खाली उड्या घेतोय का तेही बघा. सर्वांत जास्त फरक दिसेल तिथे खडूने खूण करा.

रिमची आतली कड टॉर्चने बघा. खड्ड्यात चाक आपटलं की आतला ओठ वाकतो आणि बाहेरून रिम नव्यासारखा दिसतो. स्टीलचा रिम ठोकून सरळ करून मिळतो, थोडा वाकडा असेल तर चालतो. तडा गेलेला अलॉय वेल्डिंग करून वापरू नका.

जॅक लावायचा नसेल तर टायरच्या दुकानात चाकं काढून बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. तिथला पोरगा म्हणेल, "सर, वजन लावून टाकतो की." त्याला सांगा, वजन नंतर, आधी नुसतं फिरव. मशीनसमोर बसून रिमची कड आणि नक्षी डोळ्यांनी बघा. चारही चाकांचं हे काम पंधरा मिनिटांत होतं.

## ५. चाक धरून हलवा

चाक उचललेलंच आहे तर हे लगेच करून टाका.

घड्याळाच्या १२ आणि ६ वर हात ठेवून चाक आत-बाहेर हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेकने प्ले गेला तर बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा वरचं काही.

मग ९ आणि ३ वर हात. सोबत्याने स्टिअरिंग स्थिर धरायचं. इथेच प्ले असेल आणि १२-६ वर नसेल तर टायरोड एंड किंवा स्टिअरिंग रॅकचा आतला जॉइंट. चाक हलवत असताना दुसऱ्याने टॉर्च मारून कोणता सांधा हलतोय ते बाजूने बघायचं. अंदाजाने दोन्ही बदलू नका.

बेअरिंगसाठी आणखी एक: एका हाताने स्प्रिंगला धरा, दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. चालताना घूं आवाज आणि वळणावर त्यात बदल, हीसुद्धा त्याचीच खूण.

लोअर आर्मचे रबरी बुश टॉमी (लोखंडी पहार) लावून बघायचे. गाडीखाली हात घालावा लागतो, म्हणून हे गॅरेजच्या रॅम्पवरच करून घ्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. झिजलेला बुश किंवा बॉल जॉइंट बहुतेक वेळा डुलणं निर्माण करत नाही, टायर-रिमचं डुलणं मोठं करतो. म्हणूनच लोअर आर्म बदलल्यावर गाडी थोडी सुधारल्यासारखी वाटते आणि महिन्याभरात परत तिथेच येते. सांधा ढिला असेल तर बदलायचाच, ती सुरक्षेची गोष्ट आहे. पण तो बदलला म्हणून टप्पा ३ आणि ४ सोडू नका.

## ६. अजून शंका असेल तर चाकं अदलाबदल

पुढचं डावं चाक मागे डावीकडे, मागचं डावं पुढे. एका वेळी एकच बाजू. भिंतीवर दिशेचा बाण असलेले टायर असतील तरी याने दिशा बदलत नाही. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगात चालवा.

स्टिअरिंगमधलं डुलणं सीटखाली गेलं तर दोष त्या चाकातच आहे. जागचं हललं नाही तर उजवी बाजू करा. दोन्ही बाजू करूनही स्टिअरिंग तसंच हलत असेल तर टायर-रिम निर्दोष, आता हब, ब्रेक आणि शाफ्टकडे वळा.

गाडी अजून घेतली नसेल, नुसती बघायला गेला असाल, तर हेच उलट्या बाजूने लक्षात ठेवा. विकणारा खराब टायर मागे टाकतो, कारण घेणारा स्टिअरिंगवर लक्ष ठेवतो. तो तुम्हाला हायवेवर ६० ने फिरवून आणेल. तुम्ही १५-२० ने चालवा, आणि एक फेरी मागच्या सीटवर बसून मारा.

## ७. फक्त ब्रेक लावताना होत असेल तर

पुढची डिस्क एकसारख्या जाडीची राहिलेली नाही, किंवा मागचा ड्रम गोल राहिलेला नाही. ओळखायला रिकाम्या मैदानात २० च्या वेगात पायाचा ब्रेक न लावता हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा. गाडी थरथरली तर मागचे ड्रम. नाही तर पुढची डिस्क. मागे कुणी नसताना आणि सुक्या जमिनीवरच हे करायचं.

एखाद्या चाकाचा ब्रेक अडकलेला असेल तर पाच-सात किलोमीटरनंतर ते चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागतं. हात रिमजवळ न्या, डिस्कला लावू नका, भाजेल.

## ८. फक्त पिकअप घेताना होत असेल तर

ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट बघा. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी डावी-उजवीकडे हलते, पाय काढला की त्याच क्षणी थांबते, ही त्याची ओळख. बाहेरचा जॉइंट गेला असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टक-टक आवाज येतो. रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर वेगळा पुरावा लागत नाही.

## ९. अलाइनमेंट आता

दोष सापडला, भाग बदलला, मगच अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. टायरोड एंड, लोअर आर्म किंवा रॅकला हात लागला असेल तर अलाइनमेंट करावंच लागतं. ढिल्या सांध्यांवर आधी केलेलं अलाइनमेंट गाडी दुकानातून बाहेर पडून पहिल्या स्पीडब्रेकरवर गेली की बदलतं.

टायर बदलताना एकाच एक्सलवर दोन्ही सारखे घ्या, आणि घेण्याआधी दुकानातच तारखेचा कोड वाचा. बदललेले जुने भाग मागून घ्या आणि सांधा हाताने हलवून बघा. ताठ असलेला बॉल जॉइंट बदलला गेला असेल तर कारण अजून गाडीतच आहे.

काम झाल्यावर परत तेच ३५ मीटर, तोच रस्ता, तीच मोजणी. मग ५० ते १०० किलोमीटर चालवून झालं की थंड गाडीवर चारही चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासून घ्या.